कागदावर नाव कुणाचं?

नगरपरिषदांच्या निवडणुकांचा धुरळा बसला. निम्म्या जागा महिलांच्या, कित्येक गावांत नगराध्यक्षाही महिलाच, आणि कारभार मात्र नवरोबा पाहणार का, यावर भरपूर लिहून झालं. एक प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही: ज्या गावाचं निम्मं सभागृह बायकांचं आहे, त्या गावात बायकांच्या संस्थेच्या मालकीची एक तरी वास्तू आहे का? बचत गट देवळाच्या सभामंडपात बसतात, महिला मंडळाचं हळदीकुंकू नगरपालिकेच्या समाजमंदिरात होतं, बालवाडी कुणाच्या तरी वाड्याच्या ओसरीवर भरते. जागा मिळते, पण दुसऱ्याच्या मर्जीने. सार्वजनिक कामातलं बायकांचं वजन पदापेक्षा संस्थेच्या नावावरच्या जागेमुळे अधिक टिकतं, असं माझं मत आहे. त्याचा उत्तम पुरावा आपल्यापासून फार लांब, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे डोंगरउतारावर वसलेल्या सॉसलिटो या जेमतेम सात हजार वस्तीच्या गावात उभा आहे.

गोष्ट सुरू झाली एका झाडापासून. १९११च्या सुमारास रस्त्याआड येणारं सायप्रसचं झाड तोडायला निघालेल्यांना गावातल्या काही बायकांनी अडवलं. १९११ मध्येच कॅलिफोर्नियात महिलांना मताधिकार मिळाला, तोही राज्यभरात साडेतीन हजारांच्या आसपास मतांच्या निसटत्या फरकाने. झाड वाचवणाऱ्यांनी १९१३ मध्ये सॉसलिटो वूमन्स क्लब काढला आणि १९१८ मध्ये स्वतःची इमारत बांधली. त्या काळात कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे नवराबायकोच्या सामाईक मिळकतीचा कारभार नवऱ्याच्या हाती असे. तो दोघांना सारख्या अधिकाराने मिळायला १९७५ उजाडलं. म्हणजे जिला घरच्या सामाईक मिळकतीच्या कारभारात बरोबरीचा हक्क नव्हता, ती बाई क्लबची सभासद म्हणून गावातल्या एका वास्तूची कारभारीण होती. ही किमया मतपेटीने केली नव्हती.

इमारतीचा आराखडा ज्युलिया मॉर्गन यांचा, आणि त्यांच्यासाठी थोडी वाट वाकडी करायलाच हवी. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत मुलींना प्रवेश मिळू लागला तो १८९७ पासून. मॉर्गन तिसऱ्या प्रयत्नात प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि तिशीची वयोमर्यादा गाठायच्या आत, १९०२ मध्ये, तिथल्या वास्तुकला विभागाचं प्रमाणपत्र मिळवणारी पहिली स्त्री ठरल्या. १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात वास्तुरचनेचा परवाना मिळवणारी पहिली स्त्रीही त्याच. मिल्स कॉलेजच्या आवारात त्यांनी सळईकाँक्रीटचा घंटामनोरा बांधला. १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को कोसळलं, हा मनोरा उभा राहिला, आणि त्यांच्याकडे कामांची रीघ लागली. त्यांच्या नावावर सुमारे सातशे वास्तू आहेत. लोक ओळखतात ते वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या सॅन सिमिऑनच्या राजवाड्यामुळे. मला मात्र सॉसलिटोचा किंवा १९१५चा सॅराटोगा गावातला, लाकडी फळकुटांनी मढवलेला साधा क्लब त्याहून मोलाचा वाटतो. राजवाडा एका धनिकाची हौस होती, इथे बायकांनी बाईला काम दिलं. अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने मॉर्गन यांना सुवर्णपदक दिलं २०१४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ५७ वर्षांनी!

यावर पहिला आक्षेप असा की हे क्लब म्हणजे सुखवस्तू गोऱ्या बायकांचा चहापाण्याचा उद्योग. आक्षेप खोटा नाही. १९०० मध्ये मिलवॉकीच्या अधिवेशनात जोसेफिन सेंट पिअर रफिन यांना कृष्णवर्णीय क्लबच्या प्रतिनिधी म्हणून बसू देण्यास महिला क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाने नकार दिला. पण कृष्णवर्णीय महिलांनी त्यावर काय केलं, ते पाहा. त्यांची राष्ट्रीय संघटना १८९६ पासूनच उभी होती. तिने पैसा गोळा करून गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या वॉशिंग्टनमधल्या घरावरचं कर्ज १९१८ मध्ये फेडलं आणि गहाणखत समारंभाने जाळलं. दार बंद झालेल्यांनाही वास्तूची किंमत तितकीच कळली होती.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: वास्तू म्हणजे पांढरा हत्ती. शिकागोत मद्यपानविरोधी महिला संघटनेच्या नावाने १८९२ मध्ये गगनचुंबी ‘वूमन्स टेंपल’ उभं राहिलं, कर्जाने घायकुतीला आलं, संघटनेच्या हातून गेलं आणि १९२६ मध्ये पाडलं गेलं. मात्र ती भाड्यावर नफा कमवायला बांधलेली कचेऱ्यांची इमारत होती. सॉसलिटोच्या बायकांनी आपल्या सभेला पुरेल एवढंच बांधलं. आजही तिथे लग्नसमारंभांना जागा भाड्याने दिली जाते. ऐपतीबाहेरचं बांधू नये, एवढाच धडा शिकागोतून निघतो.

आणि हे सगळं परदेशी म्हणून बाजूला सारायचं कारण नाही. १८८७ मध्ये बोस्टनला पंडिता रमाबाईंच्या कामासाठी संस्था स्थापन झाली, तिच्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन निघालं. धर्मांतराच्या वादात १८९३ मध्ये सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाहेर पडले, सदनातल्या अनेकींना घरच्यांनी काढून नेलं. रमाबाईंच्या धर्मप्रचाराबद्दल कुणाचं काहीही मत असो, पुढे केडगावला त्यांनी जमीन घेतली आणि दुष्काळात शेकडो बायकामुलींना तिथे आसरा दिला. सल्लागारांच्या पाठिंब्यावर भिस्त असती, तर हे झालं नसतं.

नव्या नगरसेविकांना म्हणूनच एक विनंती आहे. वॉर्डातल्या गटारांची कामं होतीलच; मुदत संपायच्या आत गावातल्या एका नोंदणीकृत महिला संस्थेला निदान दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एक भूखंड द्या, आणि करारावर संस्थेच्या बायकांच्याच सह्या घ्या.