हत्ती पाहायला जाताना : ‘सँक्च्युरी’ची पाटी आणि आतला कारभार

मंडळी, सुट्टीत नाशिकहून थायलंड, श्रीलंकेला जाणारी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. सहलीच्या कार्यक्रमात बऱ्याचदा एक ओळ असते : ‘एलिफंट सँक्च्युरी भेट’. सोडवलेल्या हत्तींना आपल्या तिकिटाने मदत होणार, पोरांना फोटो मिळणार. पण पाटीवर ‘सँक्च्युरी’ लिहिलं म्हणजे आत हत्तीला आसरा मिळतोच असं नाही. मग ओळखायचं कसं, ते आज आपण पाहू.

आधी हे हत्ती आले कुठून? थायलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हत्ती जंगलातून लाकूड ओढत. 1989 मध्ये तिथल्या सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली आणि हत्ती व माहूत दोघंही बेकार झाले. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो आणायचा कुठून? मग हत्ती शहरात भीक मागू लागले, पर्यटकांना पाठीवर बसवू लागले.

आता, हत्ती काही जन्मतः माणसाला पाठीवर घेत नाही. पिल्लाला आईपासून तोडायचं, बांधून ठेवायचं, मारायचं आणि त्याची जिद्द मोडायची, या रीतीला तिकडे ‘फाजान’ म्हणतात. हे जगाला कळल्यावर लोक सवारी टाळू लागले. तेव्हा अनेक ठिकाणी हौदा गेला आणि बादली आली : ‘हत्तीला आंघोळ घाला’. पण दिवसभर अनोळखी माणसांनी अंग चोळलं तरी गप्प उभा राहणारा हत्ती तयार करायलाही तोच धाक लागतो. शिवाय धोका आहेच. जानेवारी 2025 मध्ये थायलंडमधल्या को याओ बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा जीव गेला.

चांगली उदाहरणंही आहेत बरं का. चियांग माईजवळचं ‘एलिफंट नेचर पार्क’ घ्या. तिथे सवारी नाही, खेळ नाहीत; सोडवलेले हत्ती कळपाने हिंडतात. श्रीलंकेत उडावलावे इथे 1995 पासून अनाथ पिल्लांचं सरकारी केंद्र आहे. पिल्लं दूध पितात ते पर्यटकांनी लांबून पाहायचं, हात लावायचा नाही. कारण ती मोठी झाली की पुन्हा जंगलात सोडायची असतात. माणसाची सवय लागली, तर ती जंगलात टिकणार कशी?

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं झालं. पण महाराष्ट्राने हाच प्रश्न अगदी जवळून पाहिला आहे. जोतिबा देवस्थानाला 2007 मध्ये दिलेला सुंदर हत्ती न्यायालयाच्या आदेशानंतर 2014 मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टाला गेला. नांदणी मठातली महादेवी हत्तीण तीस वर्षांहून अधिक काळ तिथे होती. जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती जामनगरला नेली, तेव्हा गाव रडलं, कोल्हापूरपर्यंत मोर्चा निघाला. लोकांचं प्रेम खरं होतं. आणि न्यायालयापुढे आलेल्या अहवालांत नोंदलेलं तिच्या पायांचं दुखणंही होतं. हत्तीण मुळात कळपात राहणारी, मऊ मातीवर मैलोन्‌मैल चालणारी. एकटेपणा आणि कठीण फरशी प्रेमाने भरून निघत नाही, हे पचवणं जड जातं.

म्हणून सहल ठरवताना तीन प्रश्न विचारा. एक, हत्तीला हात लावायला मिळतो का? मिळत असेल, तर जागा बदला. दोन, तिथे सतत पिल्लं जन्मतात का? सोडवलेल्या हत्तींचं घर असेल, तर पर्यटकांसाठी नवी पिल्लं कशाला हवीत? तीन, तुम्ही परतल्यावर, रात्री, हत्ती कुठे असतात? साखळीला, की मोकळ्या जागेत सोबत्यांसह?

या केंद्रांतले बहुतेक मोठे हत्ती पुन्हा जंगलात जाऊ शकत नाहीत. त्यांचा चारा, औषधं, माहुतांचे पगार बऱ्याच अंशी पर्यटकांच्या पैशावर चालतात. त्यामुळे आम्ही ‘जाऊच नका’ असं म्हणत नाही. जरूर जा, पण जिथे तुम्हाला करायला सर्वांत कमी मिळतं, तिथलं तिकीट काढा. पोरं थोडी हिरमुसतील. त्यांना सांगा, हत्ती आपल्याकडे पाठ करून निवांत गवत खातोय ना, तेच पाहायला आपण इतक्या लांब आलोय.