शाळा सुटल्यावरचा दादा

अमेरिकेत बऱ्याच शाळा दुपारी तीनच्या आसपास सुटतात. कामावर गेलेले आईवडील घरी येतात ते सहाच्या पुढे. मधला हा वेळ सहावी ते आठवीतल्या मुलग्यांचा कसोटीचा असतो. पाळणाघराचे वय मागे पडलेले, नोकरीचे अजून लांब. शाळा असलेल्या दिवशी अल्पवयीनांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यानंतरच्या तासांतच सर्वाधिक असतात, असे तिथल्या न्याय खात्याची आकडेवारी सांगते. नेमक्या याच वेळी कॉलेजातला एखादा दादा गणिताचे पुस्तक उघडून शेजारी बसला, तर काही फरक पडतो का? उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला अटी आहेत.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले कारकून अर्नेस्ट कूल्टर यांनी शहरातल्या प्रतिष्ठित पुरुषांना आवाहन केले की, प्रत्येकाने एकेका मुलाची सोबत करावी. त्यातून ‘बिग ब्रदर्स’ चळवळ उभी राहिली. १९९५ मध्ये तिच्या वारसदार संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ शहरांतली १० ते १६ वयाची ९५९ मुले त्यात होती. काहींना लगेच सोबती मिळाला, बाकीची प्रतीक्षायादीत राहिली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा सोबती मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना हात लावण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते. शाळेला दांडी मारण्याचे दिवस जवळपास निम्म्यावर आले होते.

मात्र सोबत म्हणजे हमखास भले, असे मानणाऱ्यांनी बोस्टनजवळच्या केंब्रिज-सॉमरव्हिलची हकिकत वाचायला हवी. डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये तिथे ५०६ मुलग्यांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांच्या घरी समुपदेशक जात, अनेकांच्या शिकवण्या होत, काहींना उन्हाळी शिबिराला पाठवले जाई. सरासरी पाच वर्षे हे चालले. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा, आता प्रौढ झालेल्या माणसांचा, माग काढला. मदत मिळालेल्यांचे आयुष्य अधिक बरे गेले नव्हते. व्यसन, आजारपण, पुन्हा पुन्हा गुन्हे अशा काही बाबतींत तर ते मदत न मिळालेल्यांपेक्षा मागे होते. मदतीच्या आठवणी मात्र अनेकांनी प्रेमाने सांगितल्या! पुढच्या विश्लेषणात वारंवार शिबिराला गेलेल्यांचे नुकसान सर्वांत जास्त दिसले. वांड मुलांचा घोळका एकत्र आला की ती एकमेकांना बढाया मारून चढवतात, असा तर्क त्यातून निघाला.

दुसरी अडचण थेट कॉलेजच्या वेळापत्रकातून येते. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये दाखवले की, वर्षभर टिकलेल्या सोबतीचा फायदा मोठा असतो, पण तीन महिन्यांच्या आत तुटलेली सोबत मुलाचा आत्मविश्वास घटवते. आणि विद्यार्थ्याचे सत्र तर चार महिन्यांत आटोपते! परीक्षा आल्या की दादा गायब. ज्याच्या आयुष्यातून आधीच एखादा मोठा माणूस निघून गेलेला आहे, त्या बारा वर्षांच्या मुलाला याचा अर्थ कसा लागणार?

इस्रायलने यावर पैशाचा उपाय काढला. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत १९७०च्या दशकात सुरू झालेल्या ‘पेराख’ उपक्रमात विद्यार्थी संपूर्ण शैक्षणिक वर्षभर एका मुलाला आठवड्यातून दोनदा भेटतो आणि त्याच्या फीचा काही भाग शिष्यवृत्तीतून भरला जातो. अमेरिकेत १९६४च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ कामाला सरकारी पैसा मिळतो. नववीपर्यंतच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या विद्यार्थ्याचे तर पूर्ण वेतन सरकार देऊ शकते. हा खर्च वाया जात नाही. ९६ प्रयोगांच्या २०२० मधल्या एका आढाव्यात हौशी स्वयंसेवकांपेक्षा प्रशिक्षित, मानधन घेणाऱ्या शिकवणाऱ्यांचा परिणाम अधिक भरला. त्याच आढाव्यानुसार शाळेच्या वेळेतली शिकवणी शाळेनंतरच्या शिकवणीपेक्षा सरस ठरते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तरी विनामोबदला काम करणाऱ्यांनी एकदा कमाल केली. २०२० च्या वसंतात इटलीतल्या शाळा बंद होत्या. मिकेला कार्लाना आणि एलियाना ला फेरारा या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मागे पडलेल्या माध्यमिक शाळकरी मुलांशी ऑनलाइन जोडून दिले. १,०५९ मुलांतून ५३० जणांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली. आठवड्याला साधारण तीन तास, तेही काही आठवडेच. तेवढ्यात चाचणीतले गुण लक्षणीय वाढले आणि मनःस्थितीही सुधारली, स्थलांतरित घरांतल्या मुलांची तर विशेष. मात्र या स्वयंसेवकांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते, शिक्षणतज्ज्ञांचे मार्गदर्शन त्यांच्या पाठीशी होते.

महाराष्ट्राला यात नवखे वाटावे असे काही नाही. पुण्यात १९७९ पासून ‘स्व-रूपवर्धिनी’ वस्त्यांमधल्या मुलांना संध्याकाळी एकत्र आणते आणि तिथे घडलेले तरुण धाकट्यांना हाताशी धरतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना विद्यापीठांत आजही चालू आहे. तिच्यातले विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांवर काम करतात. त्यातले काही तास शेजारच्या नगरपालिका शाळेतल्या सातवीच्या मुलांना अपूर्णांक आणि बीजगणित शिकवण्यासाठी मोजता येतील. त्यासाठी एक प्रशिक्षण, देखरेखीला एक शिक्षक, आणि जूनमध्ये जोडलेली जोडी परीक्षांच्या दिवसांतही एप्रिलपर्यंत टिकेल असे वेळापत्रक एवढे तरी लागेल.