बुडबुड्यातलं ऑफिस

सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात बिलाचं सॉफ्टवेअर अडलं की चलन अडतं आणि चलन अडलं की माल. अडण्याचं एक कारण मात्र मोठं गमतीचं आहे. ग्रे म्हणजे कोऱ्या कापडाचे दर एक्सेलच्या शीटमध्ये असतात. शीट एक्सेलमध्ये बिनतक्रार उघडते, पण बिलाचं सॉफ्टवेअर तीच शीट वाचायला गेलं की ‘एसीई प्रोव्हायडर या संगणकावर नोंदलेला नाही’ असा संदेश येतो. शेठ विचारतात, “ऑफिस टाकलंय ना?” लिंबायत-उधन्याकडचा खानदेशी ऑपरेटर म्हणतो, “टाकलंय की!” तोही खरं बोलतो आणि संदेशही खरा असतो.

जुन्या पद्धतीत मायक्रोसॉफ्ट ऑफिस विंडोजमध्ये उघडपणे राहायचं. फाइली ठरल्या फोल्डरात, नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी घेतली आणि तिचं आभासीकरणाचं तंत्र पुढे ऑफिसला लावलं. ऑफिस २०१० मध्ये ते ‘क्लिक-टू-रन’ नावाने आलं, तेव्हा संगणकात एक गूढ ‘क्यू’ ड्राइव्हही दिसायचा. ऑफिस २०१९ पासून विंडोजवर दुसरी पद्धतच उरली नाही.

क्लिक-टू-रनमध्ये वर्ड किंवा एक्सेल एखादी फाइल वा नोंद मागतं, तेव्हा मधला एक थर ती मागणी अडवतो आणि आपल्या खासगी साठ्यातली प्रत पुढे करतो. नाटकातल्या रंगवलेल्या दारासारखं हे आहे: पात्रांना ते दार, प्रेक्षकांना नुसता पडदा. एसीई हा शीट वाचून देणारा घटक या खासगी साठ्याच्या, म्हणजे जणू एका बुडबुड्याच्या आतच नोंदलेला होता, म्हणून बाहेरच्या सॉफ्टवेअरला तो सापडत नव्हता. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ‘२००९’ आवृत्तीपासून कंपनीने तो बाहेर उघडा केला. हे साल नव्हे. २०२० चा नववा महिना.

मग आपलं ऑफिस क्लिक-टू-रन आहे का, हे ओळखायचं कसं? वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट उघडा. आवृत्तीच्या आकड्याशेजारी ‘क्लिक-टू-रन’ लिहिलेलं असतं. पण शंभर संगणक असतील तर प्रत्येकासमोर कोण बसणार? तिथे छोटी स्क्रिप्ट रजिस्ट्रीत ऑफिसखाली ‘क्लिक-टू-रन’ आणि त्यात ‘कॉन्फिगरेशन’ ही नोंद शोधते. ऑफिस ३२ बिटचं की ६४ बिटचं, हेही तिथेच कळतं. ऑफिसच्या फोल्डरात ‘रूट’ नावाचा उपफोल्डर दिसला तर आणखी खात्री.

इथे एक सापळा आहे. जुन्या पद्धतीच्या ऑफिसचा ओळख-कोड ‘०एफएफ१सीई’ने संपतो, आकडे-अक्षरांतून ‘ऑफिस’ लिहिण्याची ही अभियंत्यांची मस्करी. नुसता तो कोड शोधणाऱ्या स्क्रिप्ट फसतात, कारण क्लिक-टू-रनही काही लपलेले साहाय्यक घटक तसल्याच कोडने नोंदवतं. माझ्या मते, कोडवर विसंबून केलेली संगणकांची यादी रद्दीत टाकावी.

तेव्हा असा संदेश आला तर ऑफिस काढून पुन्हा टाकण्यात दिवस घालवू नका. आधी अकाउंटचं पान बघा, आवृत्ती जुनी असेल तर अपडेट करा. आणि बिलाचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं, ऑफिस ६४ बिटचं असेल तर नुसत्या अपडेटने काहीच होणार नाही. दोन्हींचे बिट जुळतात का, हे विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारा.