फॅमिली रूमला पडदा नको, विणलेली जाळी हवी
‘बसायची जागा’ लेखमाला : भाग ६

अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन गाणगापूरला निघालेली कुटुंबं मैंदर्गी-दुधनीच्या वाटेला लागतात, तेव्हा जेवायला थांबण्याआधी पाटीवर एक गोष्ट शोधतात : फॅमिली रूम आहे का? ही गरज खरी आहे. अंगावर पिणारं मूल घेऊन बसलेली बाई, प्रवासाने दमलेली सासू, परगावी परीक्षेला निघालेल्या दोघी बहिणी, यांना चार परक्या नजरा ताटावर न घेता जेवायचं असतं. पण आपल्याकडे या गरजेला ठरलेलं एकच उत्तर मिळतं : प्लायवूडचे कप्पे आणि तोंडाशी पडदा. माझं म्हणणं असं की हे उत्तर चुकलेलं आहे. त्या बाईला नजर अडवायची असते, स्वतःला लपवायचं नसतं. कप्पा तिला लपवतो, आणि त्यातून नवे त्रास उभे राहतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो; मधल्या पंख्याचा वारा प्लायच्या आत पोहोचत नाही. आत काय हवं-नको ते वाढप्याला दिसत नाही, म्हणून तो पडदा सारून डोकावतो, म्हणजे ज्या आडोशासाठी कप्पा केला तोच मोडतो. आणि बंद कप्प्यात कुणी एखाद्या मुलीला त्रास दिला तर बाहेर कुणाला कळतही नाही. अंधाऱ्या कप्प्यांच्या कॅफेंवर राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी कारवाया केल्या, त्यामागे हीच भीती होती. शिवाय कापड पेटतं. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जण गेले. हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्या पडद्यांना लागल्याचं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. जिथे शेगडी, तंदूर आणि उदबत्ती रोजची आहे, तिथे लोंबतं कापड कमीच असावं.

तारेची विणलेली जाळी नजर अडवते, पण वारा आणि माणसाची चाहूल अडवत नाही. ती कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. ताणा-बाणा सोलापूरकरांना सांगायला नको. इथे सुताच्या जागी तार असते एवढंच. जाळी किती उघडी, हे दोन मापांवर ठरतं : तारेची जाडी आणि दोन तारांमधलं अंतर. 2 मिलिमीटर तार आणि 10 मिलिमीटर अंतर असेल, तर सुमारे 69 टक्के भाग मोकळा राहतो, तार 1.5 आणि अंतर 3 मिलिमीटर केलं की तो 44 टक्क्यांवर येतो. पहिल्या मापाच्या दोन जाळ्या मध्ये वीतभर जागा सोडून लावल्या, तरी समोरून निम्म्याच्या आसपासच आरपार दिसतं. तिरकं पाहिलं की मोकळी जागा आणखी मिटते. म्हणून जाळी अशी उभी करावी की दारातून येणाऱ्याची नजर तिच्यावर तिरकी पडेल. पण या सगळ्याहून मोठा वाटा उजेडाचा आहे, आणि गेल्या भागातली दिव्यांची चर्चा इथे कामी येते. जाळीच्या ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला तारा चमकताना दिसतात आणि पलीकडचं पुसट होतं. तेव्हा बाहेरच्या बाजूने दिव्याचा झोत जाळीवर वरून सोडावा, आणि आत ताटापुरता मंद दिवा ठेवावा. उलट केलं, म्हणजे आत ट्यूबलाइट आणि बाहेर अंधार, तर सगळं कुटुंब प्रदर्शनात मांडल्यासारखं होईल. जाळी लावूनही आडोसा मिळाला नाही अशी तक्रार आली, तर आधी दिवे तपासावेत.

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात दगडात अक्षरं कोरून केलेल्या जाळ्या आहेत. त्यांतून हवा आणि गाळीव उजेड आत येतो, आतली खोली मात्र बाहेरच्या नजरेला अंधुकच राहते. तारेच्या विणीला इमारतीत मान मिळाला तो अलीकडे. पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय 1990 च्या दशकात उभं राहिलं, तेव्हा वास्तुविशारद दोमिनिक पेरो यांनी त्याच्या आतल्या भागात पोलादी विणकाम मोठ्या प्रमाणावर वापरलं.

पहिला आक्षेप खर्चाचा. पितळेची बारीक नक्षीदार वीण महाग असते, हे खरं. पण तिचा हट्ट कशाला? खडी क्रशरच्या चाळण्यांना लागणारी क्रिंप जाळी याच जातीची असते. ती गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्यावी, लोखंडी अँगलच्या चौकटीत बसवावी, म्हणजे कापलेली टोकं मुलांच्या बोटांना लागणार नाहीत. ती जमिनीपासून छतापर्यंत हवी असंही नाही. खुर्चीत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. गुडघ्याच्या उंचीपासून साडेसहा फुटांपर्यंत जाळी पुरते. खालून झाडू फिरतो, आणि टेबलाशी कुणी बसलंय हे पायांवरून वाढप्याला दुरूनच कळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : फोडणीचा धूर आणि रस्त्याची धूळ मिळून जाळीवर चिकट थर बसेल. बसेलच. 3 मिलिमीटरची वीण स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावणं म्हणूनच चुकीचं. तिथे 10 मिलिमीटर अंतराची, स्क्रू काढून उतरवता येणारी चौकट हवी, म्हणजे ती मोरीत नेऊन धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासता येते. पडद्यालाही हाच थर बसतो. तो कापडात मुरतो आणि लवकर दिसत नाही, म्हणून धुवायचं राहून जातं.

तिसरा आक्षेप असा की काही बायकांना पूर्ण आडोसाच हवा असतो. मुलाला पाजणाऱ्या आईसाठी तो असावाच. पण त्यासाठी भिंतीकडे पाठ केलेला एक स्वतंत्र कोपरा पुरे, त्यापायी सगळ्यांना कप्प्यात कोंडण्याचं कारण नाही. उरतो आवाज. जाळी तो जवळजवळ मुळीच अडवत नाही. शेजारच्या टेबलावरचं घरगुती भांडण पलीकडे ऐकू जाईल. आवाज शोषणारी गादी जाळीच्या मागे लावली तर वारा अडतो, म्हणून ते काम छताकडे आणि टेबलाच्या खालच्या बाजूकडे द्यावं लागतं. ते कसं, हे पुढच्या आठवड्यात.