उपनगरीय कुटुंबजीवनाचे छायाचित्रण : बिल ओवेन्स यांचे ‘सबर्बिया’

अमेरिकन छायाचित्रकार बिल ओवेन्स यांचा ‘सबर्बिया’ हा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे स्थानिक वृत्तपत्राचे छायाचित्रकार म्हणून काम करीत असताना त्यांनी तेथील नव्या वसाहतींतील मध्यमवर्गीय कुटुंबांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. स्वयंपाकघर, दिवाणखाना, घरापुढील हिरवळ ही त्यांची पार्श्वभूमी होय. अनेक छायाचित्रांतील व्यक्ती थेट कॅमेऱ्याकडे पाहतात.

अनेक छायाचित्रांसोबत छायाचित्रकाराचे भाष्य नसून त्या व्यक्तींचेच उद्गार दिले आहेत, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. केवळ चित्र पाहणाऱ्यास वस्तूंनी भरलेले घर उपभोगवादाचा पुरावा वाटू शकते; उद्गार वाचल्यावर त्याच घरात राहणाऱ्यांचे समाधान, क्वचित असमाधानही, लक्षात येते. अशा रीतीने शब्द निरीक्षकाच्या पूर्वग्रहास मर्यादा घालतात.

तथापि कोणते छायाचित्र व कोणते वाक्य निवडावयाचे, हा अधिकार अखेर छायाचित्रकाराकडेच राहतो. म्हणून सामाजिक शास्त्रांच्या क्षेत्रकार्यात छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग करताना, त्यातील व्यक्तीस स्वतःविषयी बोलण्याची संधी मिळाली काय आणि निवड कोणी केली, हे दोन्ही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.