कुकडीचं पाणी आणि नारायणगावची वाइन

भारतीय वाइनचा विषय निघाला की बोट आपसूक नाशिककडे जातं. पण फसफसणारी भारतीय वाइन परदेशी टेबलांवर पहिल्यांदा पोहोचली ती पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावातून. उद्योजक शामराव चौगुले यांच्या कंपनीने ऐंशीच्या दशकात इथे वाइनरी उभारली. फ्रान्सच्या पायपर-हायडसिक या शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि ‘ओमर खय्याम’ नावाची बाटली युरोपात पाठवली. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली 2000 साली. म्हणजे नारायणगावाला दीड दशकाची आघाडी होती. तरीही आज वाइन प्यायला पुणेकर नाशिकला जातो आणि नारायणगावात थांबला तर चहापुरता. असं का झालं, याचं उत्तर तिथल्या पाण्यात, बाजारात आणि द्राक्षाच्या मांडवाखाली सापडतं.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकत गेलं की साधारण 75 किलोमीटरवर मीना नदीकाठी जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव लागतं. पश्चिमेला नाणेघाटाच्या अंगाला धो धो पाऊस आणि भाताची खाचरं, पूर्वेला पारनेर-शिरूरकडे कोरडं माळरान. गाव बसलंय या दोन्हींच्या सांध्यावर. अशा जागी बागायत पिकते ती धरणांच्या जिवावर. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं जुन्नर-आंबेगावात आहेत: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. यांतलं येडगावचं धरण नारायणगावापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळा सरता सरता पाणी काठोकाठ असतं, मागे डोंगर, काठाला ऊस आणि द्राक्षं. पुण्याच्या माणसाला वाटतं, सुटीसाठीच केलेला तलाव आहे हा.

प्रत्यक्षात तो टप्प्याचा हौद आहे. वरच्या धरणांतलं पाणी येडगावात यायचं आणि तिथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडे जायचं, अशी रचना. कालव्याची लांबी जवळपास अडीचशे किलोमीटर. त्यामुळे आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, यावर दर उन्हाळ्यात जुन्नरकर आणि खालचे तालुके समोरासमोर येतात. काठावर उभं राहून फोटो काढताना ध्यानात ठेवावं, की समोरच्या पाण्याचा मोठा वाटा आधीच दुसऱ्याच्या शेताच्या नावावर आहे.

या भागाला वाइन तशी नवी नाही. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून देशावर येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आणि राणी नागनिकेचा शिलालेख आजही तिथे आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख कोरलेले आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन नोंदलेली आहे आणि त्यात इटलीच्या वाइनला पसंती होती, हेही. वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या रोमन कुंभांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी वाइन समुद्रापलीकडून देशावर यायची. चौगुल्यांनी तिला उलट्या दिशेला धाडलं.

ही वाइन करण्याची रीत चिकाटीची परीक्षा पाहणारी. आधी साधी पांढरी वाइन करायची, मग बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून पुन्हा आंबवायची. त्यातून निघालेला वायू बाटलीतच कोंडला जातो आणि तळाशी गाळ बसतो. तो काढण्यासाठी बाटल्या तिरप्या घोड्यांवर मान खाली करून लावतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात. काही आठवड्यांनी सगळा गाळ मानेत उतरतो. मग मान गोठवायची, झाकण उडवायचं, की बर्फाची गोळी गाळासकट बाहेर फेकली जाते. हे सगळं होईपर्यंत बाटली महिनोन् महिने अंधारात पडून असते आणि मालकाचा पैसा तिच्यात अडकलेला असतो.

पुढे कंपनीने स्वस्तातल्या साध्या वाइनही काढल्या, पसारा वाढवला, ऑस्ट्रेलियातल्या वाइनरी घेतल्या. 2008च्या जागतिक मंदीत हा डोलारा पेलवला नाही. देणी थकली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि कंपनी अवसायनात निघाली. ज्या नावावर गावाची वाइन ओळखली जायची, ते नावच पुसलं गेलं.

द्राक्षं मात्र राहिली, कारण ती मुळात वाइनसाठी नव्हतीच. इथला बागायतदार खायचं द्राक्ष पिकवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. मग घडांची विरळणी, मणी फुगावा म्हणून जीए या संजीवकाचे डिप, डावणी-भुरी या रोगांसाठी फवारण्या आणि अवकाळीच्या ढगांकडे लागलेले डोळे. जुन्नरचं काळं जम्बो द्राक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहावं: मणी टपोरा, करकरीत, बी नाही. वाइनच्या द्राक्षाला हे काहीच नको असतं. त्याचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. रंग आणि चव सालीतच. अशी बाग एकदा लावली की तिचं गिऱ्हाईक एकच, वाइनरी. तिने पाठ फिरवली तर हा माल ना हातगाडीवर खपतो, ना निर्यातीच्या पेटीत बसतो. खायच्या द्राक्षाला निदान दहा व्यापारी बांधावर येतात.

गावाचा स्वभावही रोख व्यवहाराचा. इथल्या टोमॅटो बाजारात सकाळी क्रेट उतरतात, बोली होते आणि दुपारपर्यंत गाड्या परराज्यांच्या वाटेला लागतात. जुलै 2023मध्ये 20 किलोच्या क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला होता. एरवी तोडणीची मजुरीही न सुटल्याने माल फेकून दिल्याचे दिवसही याच बाजाराने पाहिलेत. तमाशाचंही तेच. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं. आजचा भाव आजच, अशा या गावात वर्षानुवर्षं पडून राहणारी बाटली परक्या घरची पाहुणी वाटावी, यात नवल नाही.

नाशिकला वेगळं काय घडलं? सरकारने 2001 साली द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वाइनला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ केलं आणि वाइन पार्क दिले ते नाशिकच्या विंचूरला आणि सांगलीच्या पलूसला. जुन्नर त्या नकाशावर नव्हतं. त्यातच नाशिकच्या वाइनरींनी गिऱ्हाईक बागेत आणलं. गंगापूर धरणाच्या परिसरात फेरफटका, चवीचे चार पेले, मुक्काम. बाटली दुकानात जाण्याआधीच जागेवर खपू लागली. पुणे जिल्ह्यात तसा प्रयत्न झाला तो पाटस-बारामती रस्त्यावरच्या रोटीत, फोर सीझन्स वाइनरीत. तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून जाते त्याच परिसरात ही वाइनरी आहे आणि दोन्हीकडच्या गर्दीला त्याचं काही वाटत नाही. वाद होतो तो सरकारी निर्णयावर. जानेवारी 2022मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी विरोध केला आणि तो रखडला.

जुन्नर 2018 साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पाहुण्याला दाखवण्यासारखं तिथे भरपूर आहे. शिवनेरी आणि लेण्याद्री आहेतच, खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जेवायला मासवडी मागवावी. बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कांद्याचं सारण पसरतात आणि फडक्यानेच दुमडून वड्या पाडतात. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. जायचं तर फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना. मालकाला विचारून मांडवाखाली शिरावं आणि दोन पेट्या बांधावरच्या भावाने घ्याव्यात.

उद्या नारायणगावात पुन्हा वाइनरी निघाली तर तिला येडगावच्या देखाव्यावर भागवता येणार नाही. बाटली मुरेपर्यंत थांबण्याची ऐपत भांडवलदाराकडे असते, बागायतदाराकडे नसते. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर फेडायचं असतं आणि एप्रिलच्या छाटणीला मजूर हजर होतात. तेव्हा द्राक्षाचे पैसे तोडणीलाच चुकते करणारी आणि पाहुण्यांच्या उत्पन्नातला वाटा बागेपर्यंत पोहोचवणारी वाइनरी असेल तरच इथला शेतकरी जम्बो काढून वाइनचं वाण लावेल. नाहीतर तो आपलं जम्बोच लावत राहील, आणि हिशेब त्याचाच बरोबर असेल.