काम दुप्पट, वेळ किती पट?

सिंदेवाहीच्या श्रोत्यांना धान म्हणजे काय हे सांगावयास नको. येथील कृषी संशोधन केंद्रात धानाच्या वाणांवर काम चालते. म्हणून संगणकाच्या हिशेबाची ही गोष्टही आम्ही बियाण्याच्या पुड्यांपासूनच सुरू करतो.

समजा, १,००० पुड्या क्रमांकाने लावावयाच्या आहेत. सरळ रीत अशी : सगळ्या पाहून सर्वांत लहान क्रमांकाची पुडी बाजूस काढावी, उरलेल्यांत पुन्हा तेच करावे. या रीतीत ४,९९,५०० वेळा दोन क्रमांक ताडून पाहावे लागतात. पुड्या २,००० झाल्या की हाच आकडा १९,९९,००० होतो. माल दुप्पट, श्रम मात्र चौपट!

आता दुसरी रीत पाहू. पुड्यांचे दोन ढीग करावे, प्रत्येक ढीग असाच निम्मा-निम्मा करीत लावावा, आणि लावलेल्या दोन ढिगांच्या फक्त वरच्या पुड्या ताडून ते एकत्र करावे. ही रीत जॉन फॉन न्यूमन यांनी १९४५ साली गणकयंत्रासाठी मांडली. तिच्यात १,००० पुड्यांना ९,००० हून कमी आणि २,००० पुड्यांना २०,००० हून कमी तुलना पुरतात. येथे माल दुप्पट होता श्रमही दुपटीहून थोडेच अधिक होतात.

यावरून ध्यानात येईल की, ‘आज किती वेळ लागला?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘काम वाढले तर वेळ कोणत्या चालीने वाढेल?’ हा खरा प्रश्न होय.

या चालीचे महत्त्व एका मराठी माणसाच्या कामगिरीत दिसते. जमीन, पाणी आणि मजूर मोजकेच असताना कोणते धान किती लावावे, अशा हिशेबाला रेषीय नियोजन म्हणतात. त्यासाठी जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धत काढली. व्यवहारात ती बहुधा झटपट चालते. परंतु १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी अशी उदाहरणे रचून दाखविली की, त्यांत एकेक राशी वाढताच पायऱ्या दुप्पट होतात. अशा ५० राशी असल्या आणि यंत्राने सेकंदाला एक कोटी पायऱ्या ओलांडल्या, तरी साडेतीन वर्षे लागतील. हजारपट वेगवान यंत्र आणले, तर तेवढ्याच काळात राशी वाढतील अवघ्या दहा!

१९७९ साली खाचियान यांनी या वाढीला लगाम घालणारी रीत दिली. पण प्रत्यक्षात ती फार संथ निघाली. मग १९८४ साली, मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना नवी रीत मांडली. तिच्यात, अंकांची लांबी तेवढीच धरली तर, राशी दुप्पट झाल्यावर गणिती क्रियांची कमाल मर्यादा सुमारे अकरा पट होते. अकरा पट हा भार लहान नव्हे; परंतु एकेका राशीला दुप्पट होणाऱ्या भारापुढे तो काहीच नाही. शिवाय ही रीत मोठ्या व्यवहारी हिशेबांतही उपयोगी पडली.

तेव्हा थोड्या कामावर एखादी रीत चांगली चालली म्हणून तिच्या भरवशावर मोठे काम अंगावर घेऊ नये. आधी काम दुप्पट करून पाहावे आणि वेळ किती पट झाला ते मोजावे. चालच वाईट असेल, तर महागडे यंत्र विकत घेण्याआधी रीत बदलावी, हेच शहाणपणाचे.